उजव्या सोंडेचं हृदय

माणसाच्या देहात हृदयाइतकं पवित्र, उदात्त आणि निःस्वार्थ असं दुसरं काहीही नाही. हे वाक्य माझं नाही. रोह्याच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते, त्याच्या जिन्यात ते संगमरवरावर कोरलेलं आहे. खाली संस्थेच्या अध्यक्षांची सही आहे आणि सहीखाली ओल्या छत्र्या उभ्या करायची बादली आहे.

पवित्र आणि उदात्त याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते मोजायचं उपकरण अजून निघालेलं नाही. निःस्वार्थ मात्र तपासता येतं, आणि ते खोटं आहे. हृदयातून महाधमनी बाहेर पडते तिला पहिल्या दोन फांद्या फुटतात त्या हृदयाच्याच स्नायूला रक्त देणाऱ्या. मेंदू, मूत्रपिंडं, हातपाय पंगतीला बसायच्या आधी वाढप्यानं स्वतःचं ताट भरून घेतलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हे दर वर्षी सांगते. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे अध्यक्षांसारखं."

मी तिला उभं केलं. पेणच्या खारेपाटातली मुलगी, घरचे मिठागरावर राबणारे. उभी राहिली तीही अशी, की जणू शिक्षा मला झाली आहे.

"बाहेर जा," मी म्हटलं.

"उत्तर चुकलं काय, मॅडम?"

उत्तर चुकलं नव्हतं, म्हणूनच बाहेर पाठवायचं होतं. अध्यक्ष धाटावच्या कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवतात. त्यातून त्यांनी आधी बंगला बांधला, मग कॉलेज. या मुलीच्या भावानं तिला प्रवेश घेतानाच सांगून ठेवलं होतं: पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला नापास झालीस तर परत बसवणार नाही, सरळ कंपनीत पॅकिंगला लावणार. कंत्राट अध्यक्षांचंच. म्हणजे पास झाली तर त्यांची विद्यार्थिनी, नापास झाली तर त्यांची कामगार. एवढी चोख व्यवस्था हृदयालाही जमलेली नाही.

तिचं आणि माझं कधी पटलं नाही. पण त्या वर्षी ती नापास होऊ नये म्हणून मी जेवढी भांडले तेवढी स्वतःच्या बढतीसाठीही भांडलेली नाही. भांडण एका हृदयावरून होतं. ते हृदय चार फूट उंच होतं.

झालं असं, की नव्या मुलींच्या शपथविधीसाठी अध्यक्षांना व्यासपीठावर काहीतरी भव्य हवं होतं. कॉलेजात प्लास्टिकचं एक हृदय होतं, उघडमीट करता येणारं, नारळाएवढं. त्याला हार घातला तर हृदय दिसेना. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या पेणमधून जगाला गणपती जातात आणि आपण हृदय बाहेरून मागवायचं?" सभेत टाळ्या पडल्या. मी पेणला राहते आणि रोज गाडीनं रोह्याला येते, एवढ्या गुन्ह्यावर काम माझ्याकडे आलं.

पुस्तकातलं चित्र घेऊन मी एका कारखान्यात गेले. माघी गणपती होऊन गेले होते, भाद्रपदाचे अजून वाळायचे होते. फळ्यांवर शेकडो बाप्पा डोळ्यांविना बसलेले. मूर्तिकार म्हातारा, तिरसट. त्यानं चित्र लांब धरून पाहिलं.

"याला तोंड कुठाय?"

"याला तोंड नसतं."

"मग माणसं बघणार कशाकडं? मॅडम, मी देव करतो. खाटकाच्या दुकानातला माल करत नाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अध्यक्ष होते. बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "ठेवा चित्र." आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चुगली केली होती.

शाडूचं पहिलं हृदय त्यानं केलं ते मात्र बघत राहावं असं. पुढून कापून उघडलेलं, आत चार कप्पे, वरचे दोन लहान, खालचे दोन मोठे. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत बरोबर जाड. सगळ्या शरीराला रक्त ढकलायचं काम तिचं. उजव्याची पातळ, तिला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत जायचं असतं. झडपाही जागच्या जागी. वरून निघालेली महाधमनीची कमान मात्र बघितली आणि मी थांबले. कमान टोकाकडे निमुळती होत गेली होती आणि तिच्यावर वळ्या होत्या.

"महाधमनीला वळ्या नसतात."

"सोंडेला असतात."

"ही सोंड नाही."

"हात तसाच वळतो, मॅडम. जन्म गेला. दिसायला बरी दिसते, र्‍हाऊ द्या."

मी राहू दिली. वळ्यांमुळे कुणी दगावत नाही.

मग अध्यक्ष पाहायला आले. बरोबर चार माणसं. एकट्यानं ते हृदयही पाहत नाहीत. समोर खुर्ची टाकून बसले, बराच वेळ बघितलं, आणि चेहरा उतरला.

"सोंड उजवीकडं आहे."

उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं पाळावं लागतं, नैवेद्य चुकवून चालत नाही, म्हणून घरात आणि मंडळात सगळे डाव्या सोंडेचा बसवतात. पेणमध्ये हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. आणि हेही माहीत असतं, की डावी-उजवी मोजायची ती देवाच्या बाजूनं, बघणाऱ्याच्या नव्हे. समोर बसलेल्याला जी उजवीकडे वळलेली दिसते तीच डावी सोंड. हृदयाचंही तेच. पेशंटच्या समोर उभं राहिलं की त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. शरीरशास्त्र शिकवताना पहिल्या दिवशी दुसरं काही सांगत नाहीत.

"साहेब, ती डावीच आहे," मी म्हटलं. "हृदयाच्या बाजूनं बघायचं."

"मला माझी डावी-उजवी कळत नाही?"

"तुमची नाही, त्याची."

"मॅडम, मी बघतोय ना? मी बघतोय तर माझ्या बाजूनंच बघणार. कडक हृदय कॉलेजात नको. पोरीबाळी असतात."

मी मूर्तिकाराकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. त्यानं कानामागची काडी काढली, दातात घातली आणि म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणंल ती डावी."

नुसती सोंड फिरवून ध्यान बिघडलं असतं, म्हणून त्यानं अख्खं हृदय फिरवलं. प्रामाणिक कारागीर, चूक केली तीही अर्धवट केली नाही. जाड भिंत उजव्या अंगाला गेली, पातळ डाव्या अंगाला, टोक उजवीकडे. मग साचा, मग प्लास्टर, मग रंग. लाल-निळं मी सांगितलेलं होतंच, झडपांना सोनेरी रंग आणि खडे लावायचं मी सांगितलेलं नव्हतं. कडक नको म्हणून अध्यक्षांनी हट्टानं जी सोंड वळवून घेतली, तीच हिशेबानं उजवी झाली.

टेम्पोत घालून वर कापड बांधून हृदय रोह्याला निघालं. नागोठण्याला गाडी चहासाठी थांबली तर टपरीवरच्या दोघांनी हात जोडले. एकानं विचारलं, "मॅडम, या दिवसांत कुठले बाप्पा?" मी म्हटलं, अध्यक्षांचे.

शपथविधी थाटात झाला. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि हृदयाच्या विशालतेवर बोलले. बोलताना छातीवर हात ठेवला तो डावीकडे, बरोबर जागी. मागे त्यांचं चार फुटी हृदय उलटं उभं होतं. कुणाला काही खटकलं नाही. कारण अध्यक्ष म्हणतात तसंच आहे: आपण आपल्या बाजूनं बघतो.

कार्यक्रम संपल्यावर हृदय प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये ठेवलं आणि प्लास्टिकचं कपाटात बंद झालं. "आता हेच वापरायचं," असा आदेश. मुलींना ते आवडलं. सोनेरी झडपा कुणाला आवडणार नाहीत? महिन्याभरानं मी हृदयाचं टोक ठोकतं ती जागा शोधायला लावली. छातीच्या मधल्या हाडावर उंचवटा लागतो, तिथून दुसरी बरगडी, मग बोटानं खाली मोजत जायचं, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. हे सगळं मुलींनी बिनचूक म्हणून दाखवलं. आणि मग निम्म्या मुलींचे हात मैत्रिणीच्या छातीवर उजवीकडे गेले.

खारेपाटवालीचाही गेला. मी तिचा हात उचलून बाजूला केला.

"इथं काय लागतंय?"

"काय नाय लागत."

"मग मेली का ती?"

"मॉडेलवर तर हिकडंच हाय. तुमीच आणलंत ना पेणवरनं? उलटं आणलंत नि आमाला बोलताव."

मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी वर्गाला सांगितलं: हे हृदय चुकीचं नाही, आरशातलं आहे. आरशात आपला डावा हात डावीकडेच दिसतो, तसं. अध्यक्षांनी आरशात स्वतःला पाहून करून घेतलंय, असं समजा. पेशंट आरसा नसतो. वर्ग हसला. विसरणार नाहीत म्हणून मी समाधानानं खडू खाली ठेवला. एवढं बोलायची गरज नव्हती.

ते हृदय हॉलमधून काढा, म्हणून मी तीनदा अध्यक्षांकडे गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, विचार करू. दुसऱ्यांदा म्हणाले, काही लोकांचं हृदय उजवीकडे असतंच, त्यांनी वाचलंय. मी म्हटलं, असतं, फार थोड्यांचं, आणि त्या थोड्यांना तपासायला आपलं कॉलेज काढलेलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, तुम्हाला या संस्थेबद्दल आकस आहे." हे निदान मात्र अचूक होतं.

मग खारेपाटवालीनं स्वतःच्या डोक्यानं उपाय केला. अध्यक्ष पाहुण्यांना हॉल दाखवत होते. ती पुढे झाली.

"साहेब, ही सोंड उजवी हाय."

"कोण तू? ही डावी आहे. मी स्वतः करून घेतलीय."

"बाप्पाच्या उजव्या हाताला वळलीय. म्हंजे उजवी. नैवेद्य दाखवता ना रोज?"

"अगं, हा बाप्पा नाही, हृदय आहे!"

"मंग सोंड कशाला हाय?"

पाहुण्यांपैकी एकजण वाकून बघायला लागला आणि हळूच म्हणाला, "उजवीच आहे हो." अध्यक्षांनी तिथूनच आपल्या गुरुजींना फोन लावला, सोंडेचा फोटो पाठवला. उरलेल्या हृदयाचा पाठवला नसावा. गुरुजींनी कौल मुलीच्या बाजूनं दिला.

दुसऱ्या दिवशी हृदय जागचं हललं नव्हतं. त्याच्या भोवती रांगोळी होती. समोर पाट, पाटावर पेढा. हॉलच्या दाराशी फळी: पादत्राणे बाहेर काढावीत. नैवेद्याची जबाबदारी वॉचमनकाकांवर. आणि मुलींनी महिन्याच्या अडचणीत हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, हे त्यांना सांगायची जबाबदारी माझ्यावर. रक्ताभिसरण शिकवायच्या हॉलमध्ये. मी ते सांगितलं नाही, आणि सांगणार नाही, असं अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी मान फिरवली.

मुलगी जिन्यात भेटली, त्या संगमरवराखाली.

"नाटक कशाला केलंस?"

"वाटलं घाबरून भाईर काढतील."

"घाबरले ते."

"व्हय. पण भाईर नाय काढलं." मग म्हणाली, "आता परीक्षा पन ह्याच्याच म्होरं?"

परीक्षा त्याच्याच समोर झाली, कारण खाटा त्याच हॉलमध्ये होत्या. बाहेरून परीक्षक बाई आल्या, उंच, कडक इस्त्रीच्या. अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन दारात अनवाणी उभे.

"मॅडम, पादत्राणं इथं..."

"का?"

"आत सोवळं आहे."

"आत वॉर्ड आहे असं मला कळवलं होतं." बाई बुटांसकट आत गेल्या. मी मागोमाग चपलांसकट गेले. शाल अध्यक्षांच्या हातातच राहिली.

पेशंट म्हणून खाटेवर वॉचमनकाका, सदरा काढून. दर वर्षी तेच असतात. कॉलेजातल्या प्रत्येक मुलीनं त्यांची नाडी पाहिली आहे आणि त्यांना त्याचा कंटाळा आला आहे. बाईंची नजर हृदयावर पडली. रांगोळी, पेढा, खडे. त्या प्रत्येक मुलीला आधी मॉडेलवर डावा खालचा कप्पा दाखवायला सांगायच्या, मग काकांच्या छातीवर त्याचं टोक. पहिल्या मुलीनं नाडी नीट पाहिली, रक्तदाब नीट घेतला, आणि भीतीनं सगळं विसरून स्टेथोस्कोप काकांच्या उजव्या छातीवर ठेवला. बराच वेळ ऐकत राहिली. बाईंनी विचारलं, "काय ऐकू येतंय?" ती म्हणाली, "लब-डब." बाई म्हणाल्या, "बाहेर जा." ऐकू न येणारं ऐकू आलं असं सांगणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, आणि त्या दिवशी तो मॉडेलनं करवला होता.

दुसरी खारेपाटवाली.

तिनं हात धुतले, काकांच्या उजव्या अंगाला उभी राहिली, नाडी पूर्ण मिनिट मोजली, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहिली. मग मॉडेलकडे गेली आणि जाड भिंतीच्या कप्प्यावर बोट ठेवलं. काकांकडे परत आली. वाकताना गळ्यातला स्टेथोस्कोप, तळहातावर घासून गरम न केलेला, काकांच्या पोटाला टेकला.

"अगो, गार हाय ते!"

"गप र्‍हावा काका, बरगड्या मोजतंय."

हात डावीकडे गेला. पाचव्या फटीत थांबला. दोन बोटं टेकवली, मग स्टेथोस्कोप.

"मॉडेलवर तो कप्पा उजव्या अंगाला दाखवलास," बाई म्हणाल्या. "इथं डावीकडे कशी गेलीस? अंदाजानं?"

तिनं दाराकडे पाहिलं. अध्यक्ष तिथंच होते. खरं बोलली तर ज्याच्या मालकीचं कॉलेज त्याच्यासमोर त्याची चूक काढायची. गप्प बसली तर अंदाज, आणि अंदाजाला मार्क नाहीत. मग भाऊ आणि पॅकिंग. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजतर्फे बसलेली परीक्षक, मला मधे बोलता येत नव्हतं आणि मदत तर मुळीच करता येत नव्हती. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मॅडम, ते हृदय उलटं हाय," ती म्हणाली. "आरशातलं. साहेबांनी आरशात सोताला बघून करून घेतलंय."

काका खाटेवर पडल्या पडल्या हसले. त्यांचा रक्तदाब त्या क्षणी घ्यायला हवा होता.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आमच्या मॅडमनी." आणि तिनं बोट दाखवलं, कप्पा दाखवला होता तसंच, अचूक.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. मार्क लिहिले. मग पहिल्या मुलीला परत बोलावलं, कपाटातलं प्लास्टिकचं हृदय काढायला लावलं आणि तिची परीक्षा पुन्हा घेतली. जाताना दारात अध्यक्षांना म्हणाल्या, "शाल त्या म्हाताऱ्याला द्या. दिवसभर उघडा पडलाय."

दोघीही पास झाल्या. पॅकिंगची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असेल. मला मेमो आला. त्यात हृदयाचा उल्लेख नव्हता. परीक्षेच्या दिवशी मी चपला घालून हॉलमध्ये गेले, असं कारण होतं. ते खरंच होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

खारेपाटवाली आता नागोठण्याला एका दवाखान्यात सिस्टर आहे. मध्यंतरी तिच्या दवाखान्यानं आमच्या कॉलेजात तपासणी शिबीर घेतलं तेव्हा आली होती. मला म्हणाली, "अजून हितंच?" मी म्हटलं, अजून इथंच आहे. ती हृदयाबद्दल विचारत होती की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही, उत्तर एकच होतं. प्लास्टरचं ते, पाण्यात विरघळत नाही; आणि उजव्या सोंडेचं आहे म्हणून टाकायची कुणाची छाती होत नाही. रोज नैवेद्य दाखवतात. नैवेद्याचा पेढा वॉचमनकाका खातात.

शिबिरात तिनं त्यांना तपासलं. हृदय ठीक होतं, डावीकडे. साखर वाढलेली निघाली.